रोज एक गंगाखेड

१५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलवर टांग टाकून जग पाहायला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १८ मार्च १९२८ रोजी प्रदक्षिणा पुरी करून परतले. बाकीचे तिघे या ना त्या कारणाने वाटेत थांबले. या प्रवासाचं अंतर सांगितलं जातं ७१,००० किलोमीटर. विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर ४०,०७५ किलोमीटर आहे, म्हणजे हे पावणेदोन पृथ्व्या चालवून आले. सायकलचं पायडल एकदा पूर्ण फिरलं की साधारण पाच मीटर अंतर कापलं जातं असं धरलं, तर एकेकाने १ कोटी ४२ लाख वेळा पायडल फिरवलं. जहाजांतून केलेला प्रवास वजा केला तरी आकडा फारसा माणसात येत नाही.

हा आकडा ऐकून आपण थक्क होतो आणि तिथेच थांबतो. त्याला दिवसांनी भागून बघायचं कुणाच्या मनात येत नाही. १५ ऑक्टोबर १९२३ ते १८ मार्च १९२८ म्हणजे १,६१६ दिवस. ७१,००० भागिले १,६१६ म्हणजे जवळपास ४४.

दिवसाला ४४ किलोमीटर. परभणीहून गंगाखेड जवळपास तेवढंच आहे. जिंतूर तेवढंच आणि पाथरीही तेवढंच. आमचं जिल्ह्याचं ठिकाण असं मधोमध बसलंय की कुठल्याही बाजूला निघा, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर तालुक्याचं गाव लागतं. पोखर्णीच्या नृसिंहाला हात जोडायचे, दैठण्याला चहा घ्यायचा, गंगाखेडला गोदावरी बघायची आणि मुक्काम. सायकलवर फार तर सव्वादोन तासांचं काम. शाळेत जाणाऱ्या दमदार पोराने एखाद्या रविवारी हे करून दाखवलं तर त्याची बातमी छापून येणार नाही. हेच काम १,६१६ वेळा केलं की ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्यांनासुद्धा मान खाली घालावी लागेल असं काहीतरी होतं.

परभणी साधारण १९.२७ उत्तर अक्षांशावर आहे. त्या रेषेवरून नाक पूर्वेला धरून, समुद्र-बिमुद्र काही न मानता सरळ निघालं, तर पश्चिमेकडून परभणीत यायला ३७,८०० किलोमीटर पडतात. रोज एक गंगाखेड या हिशेबाने ८६० दिवस, म्हणजे दोन वर्षं आणि चार महिने. दोन वर्षं चार महिने हा काही डोळे फिरवणारा काळ नाही. आपल्याकडे शेतजमिनीची मोजणी त्याहून जास्त दिवस रखडते.

सरासरी हा लबाड प्रकार आहे, हे मला मान्य आहे. त्या १,६१६ दिवसांत जहाजावरचे दिवस आहेत, आजारपण आहे, परवानग्यांसाठी बसून राहणं आहे, माणसांनी आग्रहाने ठेवून घेतलेले मुक्काम आहेत. प्रत्यक्ष सायकलवरचा दिवस ४४ पेक्षा मोठाच असणार. तरी एक गोष्ट लक्ष वेधून घेते. बगदादहून अलेप्पोला जाताना या मंडळींनी सुमारे ९५० किलोमीटरचं वाळवंट २३ दिवसांत पार केलं. भागून बघा, ४१. आयुष्यातला सगळ्यात वाईट रस्ता, डोक्यावर भाजणारं ऊन, वाळूची वादळं, आणि दिवसाची सरासरी पूर्ण प्रवासाच्या सरासरीपेक्षा फक्त तीनने कमी. वाळवंटात त्यांनी मर्दुमकी गाजवली असं म्हणण्यापेक्षा तिथेही त्यांनी गंगाखेडच केलं, असं मला म्हणावंसं वाटतं.

आता याच्या वरच्या आणि खालच्या पायऱ्या बघू. आषाढीसाठी शेगावहून गजानन महाराजांची पालखी पायी पंढरपूरला निघते, ती परभणी जिल्ह्यातूनच पुढे जाते. सुमारे साडेसातशे किलोमीटर, महिन्याहून थोडे अधिक दिवस. रोजचे बावीस-तेवीस किलोमीटर. पाऊल सत्तर सेंटिमीटरचं धरलं तर दहा लाखांहून जास्त पावलं. म्हणजे पावणेदोन पृथ्व्या पालथ्या घालणारे ते पारशी रोजच्या हिशेबात आपल्या वारकऱ्यापेक्षा दुपटीनेच पुढे होते, तेही चाकांवर. इथून वर मात्र शिडी एकदम उभी होते. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये, विशीच्या वयात, १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीप्रदक्षिणा केली. स्पेनमध्ये तिला सुऱ्याच्या धाकावर लुटलं गेलं, कॅनडात अस्वल मागे लागलं, रशियात बर्फात एकटीने तंबू ठोकून रात्री काढाव्या लागल्या. हे सगळं धरून दिवसाची सरासरी १८२. तिच्या आदल्या वर्षी स्कॉटलंडच्या मार्क ब्यूमाँटने तितकंच अंतर ७८ दिवस १४ तास ४० मिनिटांत कापलं, मागे मदतीची गाडी घेऊन. सरासरी ३७० च्या आसपास. आणि सगळ्यात वर अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची ‘रॅम’ शर्यत. २०१७ मध्ये लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांत एकट्याने पुरी केली, आणि त्यांच्या पाठोपाठ नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ११ दिवस २१ तास ११ मिनिटांत. सुमारे ४,९०० किलोमीटर, दिवसाला चारशेच्या वर. एवढ्या अंतरानंतर दोघांमधला फरक दोन तास २६ मिनिटांचा, म्हणजे शंभरात एकाहूनही कमी. एवढ्या वेळात परभणीचा माणूस गंगाखेडला पोचून चहाची ऑर्डर देतो.

या शिडीत एक गंमत दडलेली आहे. तळापासून टोकापर्यंत सायकलवाल्यांचा वेग फारसा बदलत नाही. सामानासह हौशी माणूस सपाटीवर ताशी वीसने जातो. जगज्जेता दिवसभरात पंचवीसच्या आगेमागे राहतो. लांब पल्ल्याच्या ‘ब्रेव्हे’ फेऱ्यांत २०० किलोमीटरला साडेतेरा तास आणि ६०० ला चाळीस तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी पंधरा पुरतात. फरक पडतो तो तासांत. ४४ किलोमीटरवाल्याचे दिवसाचे सव्वादोन तास सायकलवर जातात, १८२ वालीचे नऊ, ३७० वाल्याचे सोळा. पाय जवळपास सारखेच चालतात; कोण किती वेळ खोगिरावर टिकतो, एवढाच प्रश्न उरतो.

आणि टिकण्याची परीक्षा कुठे होते? घाटात, असं सगळ्यांना वाटतं. माझं मत वेगळं आहे. घाटात माणसाला आपण काहीतरी करतोय असं वाटतं, वळणागणिक खालचा रस्ता दिसतो, माथ्यावर कणीसवाला असतो आणि पलीकडचा उतार फुकट मिळतो. खरी कसोटी परभणीसारख्या सपाट मुलखात लागते. दोन्ही बाजूंना काळं रान, समोर सरळ रस्ता, अर्ध्या तासापूर्वी दिसलेली पाण्याची टाकी अजून तेवढीच लांब. इथे एकही मीटर फुकट नाही. पायडल थांबलं की सायकल थांबली.

त्यात वारा. जून-जुलैत पाऊस हुलकावणी देतो पण पश्चिमेचा वारा काही दांडी मारत नाही. परभणीहून पाथरीला निघालात की तो थेट छातीवर. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. तुम्ही ताशी वीसने चाललात आणि समोरून ताशी वीसचा वारा आला, की अंगावर चाळीसची हवा लागते आणि विरोध दुप्पट नाही, चौपट होतो. आता नीट हिशेब करू. वारा पडलेला असताना सामानासह ताशी वीसने जायला पायांना सुमारे १०० वॅट द्यावे लागतात, म्हणजे पूर्वी घराघरांत लागायचा तो एक पिवळा बल्ब. वारा समोर असताना तेवढ्याच १०० वॅटमध्ये वेग येतो ताशी अकरा. पाथरीला सव्वादोनऐवजी चार तास. येताना तोच वारा पाठीवर घेऊन वेग बत्तीसवर जातो आणि माणूस एक तास वीस मिनिटांत घरी. जाऊन-येऊन बेरीज पाच तास वीस मिनिटं. वारा नसता तर झाली असती साडेचारच्या आत. म्हणजे मागून मिळालेली मदत समोरून झालेलं नुकसान भरून काढत नाही, जवळपास एक तास खिशातून जातो.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. त्या पाच तास वीस मिनिटांतले चार तास वारा समोर होता. अंतर निम्मं-निम्मं वाटलं गेलं, वेळ मात्र तीन हिस्से एकीकडे आणि एक हिस्सा दुसरीकडे. ‘वारा कायम माझ्याच विरुद्ध असतो’ हे सायकलवाल्याचं रडगाणं म्हणूनच खोटं नाही. घड्याळाच्या दृष्टीने ते अक्षरशः खरं आहे. घाटाचंही तेच. दहा किलोमीटर चढ ताशी सहाने चढलात तर एक तास चाळीस मिनिटं, तेवढाच उतार चाळीसच्या वेगाने पंधरा मिनिटांत संपतो. माणूस मात्र प्रवास किलोमीटरमध्ये जगत नाही, तासांमध्ये जगतो. नकाशावर अवघड टप्पा बोटभर असतो, पण अंगावर तो दिवसभर राहतो. लांबच्या सफरीत तिसऱ्या-चौथ्या दिवशी ‘आपण कशाला निघालो’ असं वाटायला लागतं त्यात मनाच्या कच्चेपणापेक्षा या भागाकाराचा हात जास्त आहे. आपण दुर्दैवी आहोत की निव्वळ सरासरीत आहोत, हे कळलं तरी वैताग बराच उतरतो.

उन्हाळ्यात वेगळाच हिशेब. शरीराचं इंजिन शंभरातले पंचवीसच कामाला लावतं. पायडलवर १०० वॅट पोचवायचे तर ३०० वॅट उष्णता होऊन अंगातच राहतात. ती बाहेर काढायलाच तासाला जवळपास अर्धा लिटर घाम वाळावा लागतो. परभणीत मे महिन्यात पारा ४३ ला टेकणं ही काही बातमी नाही, आणि आपली त्वचा असते ३५ च्या जवळपास. म्हणजे अंगावर येणारी हवा घाम वाळवते खरी, पण स्वतः अंग तापवतेही. मग घाम लिटरभरावर जातो आणि लिटरमागे साधारण दोन ग्रॅम मीठही घेऊन जातो. चार तासांचा वारा आणि मे महिन्याचं ऊन एकत्र आलं तर पाथरीपर्यंत पाण्याच्या चार-पाच बाटल्या लागतात. अनुभवी माणसं इथे पहाटे चारला निघतात आणि दहाला कुठल्यातरी देवळाच्या सावलीत पाठ टेकतात. धैर्य दाखवायला उन्हात निघणाऱ्यांबद्दल मला आदर वाटत नाही. पावसाळ्यात पक्की सडक सोडून काळ्या रानातल्या वाटेला लागलात तर हिशेबच संपतो. चिखल मडगार्डात भरून चाक फिरेनासं होतं आणि मग माणूस सायकलवर बसत नाही, सायकल माणसावर बसते.

आता खाण्याचं. १०० वॅटने तासभर पायडल मारायला साधारण ३५० कॅलरी जातात. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठाची थोराड भाकरी तेवढ्याच कॅलरी देते. म्हणजे एक भाकरी, वीस किलोमीटर. गंगाखेडला सव्वादोन भाकरी. पारशी मंडळींची प्रदक्षिणा आमच्या मापात बसवली तर माणशी ३,५५० भाकरी. इथल्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’ नावाचं रब्बी ज्वारीचं वाण दिलं, आणि २०१८ मध्ये लोह-जस्त जास्त असलेलं ‘परभणी शक्ती’ आलं. सायकलवाल्यांसाठी इंधन म्हणून कुणी ते काढलं नाही हे उघड आहे, पण नाव अगदी नेमकं पडलंय.

पोटापुरता हिशेब सोपा आहे. मनाचा इथेच अडकतो. साठ किलोच्या सडपातळ माणसाच्या अंगावरही आठ-नऊ किलो चरबी असते. किलोमागे ७,७०० कॅलरी धरल्या तर तो कागदावर चारेक हजार किलोमीटरचा साठा घेऊन फिरतो, परभणी ते कन्याकुमारी आणि परत. मात्र झटपट कामी येणारी साखर, म्हणजे स्नायू आणि यकृतातलं ग्लायकोजेन, सगळं मिळून दोन हजार कॅलरींच्या आतबाहेर. जोर लावून चालवलं तर ती काही तासांत तळाला जाते. मेंदू मुख्यतः साखरेवर चालतो. ती उतरली की पाय थकण्याबरोबर मनही काळवंडतं. चिडचिड होते, रडू येतं, सगळं व्यर्थ वाटायला लागतं. अशा वेळी माणूस स्वतःशी जीवनाच्या अर्थावर वाद घालत बसतो आणि त्याला हवा असतो एक गुळाचा खडा. पार तत्त्वज्ञानाच्या टोकाला पोचलेली निराशा दोन केळी आणि अर्ध्या तासाने कशी नाहीशी होते, हे ज्याने पाहिलंय तो पुन्हा उपाशीपोटी कुठलाही मोठा निर्णय घेत नाही. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही आमच्या गावाची जुनी म्हण. तसं ‘नहीं तो परभणी’ म्हणून सफर सोडायची की नाही हे खाऊन झाल्यावरच ठरवावं.

मधलं अंतर सगळ्यात वाईट. क्लार्क हल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात उंदरांवर दाखवून दिलं की खाऊ जवळ आला की ते जास्त जोरात पळतात. २०११ मध्ये तीन संशोधकांनी माणसांबद्दल याची दुसरी बाजू मांडली: सुरुवातीला आपण किती झालं ते मोजतो, शेवटी किती उरलं ते मोजतो, आणि दोन्ही टोकांपासून लांब असलेल्या मध्यावर उत्साह खचतो. श्रीनगर ३४.१ अंशावर आहे, कन्याकुमारी ८.१ वर, बरोबर मधला अक्षांश २१.१ येतो आणि तिथे नागपूर आहे. काश्मीर ते कन्याकुमारी करणाऱ्यांचं मन विदर्भ-मराठवाड्याच्या सपाटीत का खचतं, याचा दोष आपल्या उन्हावर आणि रस्त्यांवर किती आणि निव्वळ भूगोलावर किती, कोण जाणे. यावर पारशांचा उपाय बरा होता, तो त्यांनी मुद्दाम केला असो वा नसो. ७१,००० ला एकच मध्य असतो. त्याची १,६१६ गंगाखेडं केली की प्रत्येक दिवसाला स्वतःचा शेवट मिळतो आणि हलच्या उंदराला रोज संध्याकाळी खाऊ.

मुक्कामांनी अंतर मोजणं आमच्याकडे जुनंच आहे. संत नामदेवांचं नरसी १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होतं. हिंगोली वेगळा झाला तसं ते तिकडे गेलं. सातशे वर्षांपूर्वी नामदेव पंजाबातल्या घुमानपर्यंत पोचले. २०२२ मध्ये पंढरपूर ते घुमान अशी सुमारे २,३०० किलोमीटरची सायकल यात्राही निघाली. नामदेवांच्या वेळी ना किलोमीटर होते ना मैलाचे दगड. अंतर मोजायचं साधन म्हणजे मुक्काम आणि तोंडातला अभंग.

आणि गंगाखेड हे नामदेवांच्या घरी राहिलेल्या जनाबाईचं गाव. जनाबाई म्हटलं की जातं आठवतं, आणि लांबच्या सायकलीला जात्याइतकं जवळचं दुसरं काही मला सापडलेलं नाही. तोच दगड, तेच वर्तुळ, पहाटेचा अंधार, पीठ सांडतंय पण सूप काही रिकामं होत नाही. बायकांनी यावर गाणं हा तोडगा काढला. खुंट्याच्या फेऱ्याला ओवीचा ताल बसवला की हात मोजत नाहीत, हात गातात. हेमा राईरकर आणि गी पोइत्वँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. कंटाळवाण्या कामावर मात करण्यासाठी माणसांनी रचलेलं याहून मोठं भांडार जगात कुठे असेल तर ते मला बघायला आवडेल.

या तोडग्याला प्रयोगशाळेतूनही दुजोरा मिळालाय. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये व्यायामाच्या सायकलवर पाहिलं की संगीताच्या ठेक्यावर पायडल मारणाऱ्यांना सुमारे सात टक्के कमी ऑक्सिजन लागतो. प्रयोग लहान होता, थोड्या मिनिटांचा होता, आणि सात टक्के चार वर्षं टिकतील असं कुणी म्हटलेलं नाही. तरी आकडा ताणून बघायचा मोह आवरत नाही: ७१,००० चे सात टक्के म्हणजे जवळपास पाच हजार किलोमीटर, आणि भाकरीत मोजले तर माणशी अडीचशे.

महामार्गावर कानात यंत्रं घालून सायकल चालवणं म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकला आपण होऊन संधी देणं; तेव्हा स्वतःच गावं हे उत्तम. सायकलवर एक ओवी म्हणायला वीस सेकंद धरली तर गंगाखेडपर्यंत चारशे ओव्या होतात. भांडारात एक लाख आहेत. एकही पुन्हा न म्हणता त्या अडीचशे दिवस पुरतील, म्हणजे ११,००० किलोमीटर, पृथ्वीच्या घेराच्या चौथाईहून जास्त. समोरच्या वाऱ्यात ताशी अकराने चाललात तर त्या जवळपास निम्म्या अंतरातच संपतील, आणि चढावर दम लागून अर्ध्यात सोडून दिलेल्या ओव्या या हिशेबात धरलेल्या नाहीत.